टपालवाला की साक्षीदार? ख्रिस्ती श्रद्धेतील संदेष्टे आणि त्यांची विश्वासार्हता

ख्रिस्ती प्रचारकांचा एक युक्तिवाद मी कित्येक वर्षे ऐकत आलो आहे. पुस्तिकांत वाचला, व्हॉट्सॲपवर फिरताना पाहिला आणि बैठकीत समोरासमोरही ऐकला. तो असा: "तुमचे कुरआन प्रेषितांना धुऊनपुसून समोर ठेवते. आमचे बायबल प्रामाणिक आहे. ते दावीदाचे पाप झाकत नाही, शलमोनाची मूर्तिपूजा झाकत नाही. आपल्याच माणसांचे दोष सांगणारा ग्रंथच खरा. आणि एवढे सगळे पापी निघाले, एकटा येशू निष्पाप निघाला, यावरूनच ओळखा तो कोण होता."

युक्तिवाद ऐकायला गोड आहे. आपले पुष्कळ तरुण त्यापुढे गप्प बसतात आणि काही चिडून वाटेल ते बोलतात. मला दोन्ही मान्य नाही. ग्रंथधारकांशी वाद घालायचा तर उत्तम रीतीने घाला, असा कुरआनचा आदेश आहे (२९:४६). उत्तम रीत म्हणजे नुसती गोड भाषा नव्हे. समोरच्याचे म्हणणे त्याच्या सर्वांत भक्कम रूपात घ्यायचे आणि मग ते तपासायचे, याला मी उत्तम रीत समजतो.

हा वाद आपल्याकडे नवा नाही. १८५४ साली आग्र्यात मौलाना रहमतुल्लाह कैरानवी आणि जर्मन मिशनरी कार्ल फांडर यांच्यात जो जाहीर वादविवाद झाला, तो आजही अभ्यासला जातो. कैरानवींचा 'इजहार-उल-हक' हा ग्रंथ त्या वादानंतरचा. पण तिथे मुख्य भर बायबलच्या मजकुरात फेरफार झाला की नाही यावर होता. मी तो प्रश्न इथे बाजूला ठेवतो. बायबलचा मजकूर आज हातात आहे तसाच घेऊ आणि एवढेच विचारू: या मजकुरानुसार संदेष्ट्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारे?

आधी शब्दांचा घोळ

मराठीत हा घोळ शब्दापासूनच सुरू होतो. आपण मराठी मुसलमान 'प्रेषित' म्हणतो तेव्हा आपल्या मनात नबी आणि रसूल असतात: हजरत नूह, इब्राहीम, मूसा, दाऊद, ईसा (त्या सर्वांवर शांती असो) आणि अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.). मराठी बायबलमध्ये मात्र 'प्रेषित' म्हणजे पेत्र, योहान, पौल. मोशे, यशया, यिर्मया यांच्यासाठी तिथे 'संदेष्टा' हा शब्द आहे. त्यामुळे दोघे बोलायला बसले की एकाच शब्दाने दोन वेगळ्या माणसांविषयी बोलत राहतात.

यात फक्त भाषेचा प्रश्न नाही, अधिकाराचाही आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१२:२८) पौलाने मंडळीतील क्रम सांगितला आहे. त्यात पहिले स्थान प्रेषितांचे आणि दुसरे संदेष्ट्यांचे आहे. पौलाने हजरत ईसांना (अ.) त्यांच्या हयातीत पाहिल्याचे नवा करार कुठेही सांगत नाही. तरी व्यवहारात ख्रिस्ती शिकवण पौलाच्या पत्रांच्या प्रकाशात मोशेला वाचते, मोशेच्या प्रकाशात पौलाला नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट करतो. लूत (अ.) यांच्याविषयी उत्पत्तीच्या १९ व्या अध्यायात जे लिहिले आहे ते मी इथे मांडणार नाही. ख्रिस्ती बांधव लगेच म्हणतील की लोटाला आम्ही संदेष्टा मानतच नाही. ठीक आहे. म्हणून ज्यांना बायबलनेच संदेष्टा म्हटले आहे, किंवा ज्यांच्या मुखातून पवित्र आत्मा बोलला असे म्हटले आहे, प्रामुख्याने त्यांच्याविषयीच बोलू. अहरोनाला मोशेचा संदेष्टा म्हटले आहे (निर्गम ७:१). दावीदाला संदेष्टा म्हटले आहे (प्रेषितांची कृत्ये २:३०), आणि तो पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने बोलला असे खुद्द येशूंच्या तोंडी आहे (मार्क १२:३६).

टपालवाल्याचा दाखला

अहरोनाने सोन्याचे वासरू घडवले (निर्गम ३२). दावीदाने उरियाच्या पत्नीशी व्यभिचार केला आणि उरियाला मारण्याचा हुकूम लिहिलेले पत्र उरियाच्याच हाती देऊन सेनापतीकडे पाठवले (२ शमुवेल ११). मग अशा माणसाच्या मुखातून आलेली वाणी ईश्वराची, हे कसे मानायचे?

यावर ख्रिस्ती उत्तर असे: संदेश वेगळा, संदेश आणणारा वेगळा. टपालवाला दारुडा असला म्हणून पत्रातला मजकूर बदलत नाही.

या विचारामागे मोठी परंपरा आहे. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतील चर्चमध्ये डोनाटिस्ट पंथाचा वाद पेटला होता. छळाच्या काळात ज्या धर्मगुरूंनी कच खाल्ली, त्यांच्या हातून झालेले संस्कार वैध की अवैध? संत ऑगस्टिनने बाजू मांडली की बाप्तिस्म्याचे सामर्थ्य ख्रिस्ताचे आहे, देणाऱ्याच्या चारित्र्याचे नाही. धर्मगुरूंपुरते हे म्हणणे मला समजते. आमच्याकडेही इमाम पापी निघाला म्हणून त्याच्यामागे आधी पढलेली नमाज वाया जात नाही.

पण धर्मगुरू आणि संदेष्टा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. धर्मगुरू जे देतो ते समाजाकडे आधीपासून असते. त्याने चुकीचे सांगितले तर ग्रंथ उघडून त्याला अडवता येते. टपालवाल्याच्या हातातल्या पत्राला पाकीट असते, त्यावर शिक्का असतो, पाठवणाऱ्याची सही असते. संदेष्ट्याच्या हाती पाकीट नसते. त्याच्या कानी काय पडले ते दुसऱ्या कुणी ऐकलेले नसते. तो म्हणतो, "ईश्वराने मला हे सांगितले," आणि ऐकणाऱ्यासमोर त्याच्या शब्दाखेरीज सुरुवातीला काहीच नसते.

म्हणजे संदेष्टा टपालवाला नव्हे. तो साक्षीदार आहे, आणि तोही घटनेचा एकमेव साक्षीदार. एकमेव साक्षीदाराची साक्ष तपासताना कोणतेही न्यायालय आधी हेच विचारते की हा माणूस खरे बोलणारा आहे का. मक्केत सफा टेकडीवर उभे राहून हजरत मुहम्मद (स.) यांनी कुरैशांना प्रथम हेच विचारले होते: या टेकडीमागे घोडदळ आहे असे मी सांगितले तर तुम्ही विश्वास ठेवाल का? लोक म्हणाले, ठेवू, तुम्हाला खोटे बोलताना आम्ही कधी पाहिले नाही. त्यानंतरच त्यांनी संदेश सांगितला. आधी चारित्र्याची साक्ष आणि मग वाणी, असा तो क्रम होता.

बेथेलचा म्हातारा संदेष्टा

"पाप वेगळे, वाणी वेगळी" हा दावा कुठे कोसळतो ते पाहायचे असेल तर १ राजे या पुस्तकाचा १३ वा अध्याय उघडावा. प्रवचनांत दावीदाची गोष्ट वारंवार येते, ही फारशी येत नाही.

यहूदाहून एक देवाचा माणूस बेथेलला येतो आणि यराबाम राजाच्या वेदीविरुद्ध ईश्वराची वाणी सांगतो. त्याला ईश्वराची ताकीद असते की तिथे काही खायचे नाही, प्यायचे नाही आणि आल्या वाटेने परतायचे नाही. राजा जेवणाचे आमंत्रण देतो, ते तो नाकारतो. बेथेलमध्ये एक म्हातारा संदेष्टा राहत असतो. मुलांकडून हकीकत कळताच तो गाढवावर खोगीर घालायला सांगतो, त्या माणसाला गाठतो आणि म्हणतो की मीही संदेष्टाच आहे, तुला घरी जेवायला न्यावे असे ईश्वराच्या वतीने देवदूताने मला सांगितले आहे. तो खोटे बोलत होता, हे बायबल तिथेच नमूद करते.

देवाचा माणूस विश्वास ठेवतो, परततो, जेवायला बसतो. आणि त्याच पंगतीत त्या खोटे बोललेल्या म्हाताऱ्यावर खरी ईश्वरवाणी उतरते: तू आज्ञा मोडलीस, आता तुझे प्रेत पूर्वजांच्या कबरीत जाणार नाही. वाटेत सिंह त्या पाहुण्याला ठार मारतो. खोटे बोललेला म्हातारा सुखरूप राहतो. पुढे योशीया राजाच्या काळात त्या कबरीला हात लावला जात नाही आणि त्या दोघांच्याही अस्थी तिथेच सुरक्षित राहतात (२ राजे २३).

वाचकहो, इथे थोडे थांबा. संदेष्ट्याचे हे पाप खासगी आयुष्यातले नाही. त्याने दारू प्यायली किंवा परस्त्रीकडे पाहिले, असा मामला नाही. त्याने ईश्वराच्या नावावर खोटी वाणी सांगितली. एकाच भेटीत, एकाच तोंडातून, आधी खोटी वाणी आणि नंतर खरी वाणी. ऐकणाऱ्याने कोणती कोणती हे ओळखायचे कशावरून? आणि ऐकणारा साधा शेतकरी नव्हता, तोही ईश्वराची वाणी ऐकणारा माणूस होता. त्यालाही ओळखता आले नाही.

ख्रिस्ती भाष्यकार यातून धडा काढतात की ईश्वराने तुला जे प्रत्यक्ष सांगितले त्याविरुद्ध कुणी देवदूताचे नाव घेऊन आला तरी ऐकू नको. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (१:८) पौलही असेच बजावतो. धडा चांगला आहे. पण ज्याला ईश्वराने प्रत्यक्ष काहीच सांगितलेले नाही त्याने काय करायचे? तुमच्या-माझ्यासारख्या माणसाकडे संदेष्ट्याचा शब्दच आहे. जो स्वतः वाणी ऐकतो तोही जर संदेष्ट्याच्या थापेला बळी पडतो आणि शिक्षा त्यालाच होते, तर सामान्य श्रद्धावंताला आधार कोणता?

आता कुरआन पाहा. अल-हाक्का या अध्यायात (६९:४४-४७) खुद्द अंतिम प्रेषितांविषयी सांगितले आहे की त्यांनी आमच्या नावावर एखादा शब्द जरी रचला असता, तर आम्ही त्यांना पकडून त्यांची जीवननाडी कापली असती आणि तुमच्यापैकी कुणीही त्यांना वाचवू शकले नसते. इस्लामच्या दृष्टीने वाणीत खोटे मिसळणाऱ्याची जागा ही आहे. आणि नवल म्हणजे बायबलचा कायदाही हेच सांगतो.

बायबलच्याच कसोट्या

अनुवाद या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात नियम आहे: ईश्वराने सांगितले नाही ते त्याच्या नावावर सांगणारा संदेष्टा मेला पाहिजे. आणि त्याने सांगितलेले घडले नाही तर ती वाणी ईश्वराची नव्हती असे समजा. १३ व्या अध्यायात आणखी एक नियम आहे: एखाद्याचा चमत्कार खरा ठरला तरी तो दुसऱ्या दैवतांकडे बोलवत असेल तर त्याचे ऐकू नका.

या नियमाने बेथेलचा म्हातारा मरायला हवा होता. मेला तो फसवला गेलेला. इस्राएलच्या लोकांना वासरू घडवून देणारा अहरोन दुसऱ्या नियमाखाली यायला हवा होता, पण निर्गमात पुढे तोच मुख्य याजक म्हणून अभिषिक्त होतो. कुरआनमध्ये हे कोडे पडत नाही. वासरू सामरीने केले, हारून (अ.) यांनी लोकांना अडवले, हे तिथे स्वच्छ सांगितले आहे (२०:८५-९४).

आता हजरत ईसा (अ.) यांची कसोटी घ्या. मत्तयच्या ७ व्या अध्यायात ते खोट्या संदेष्ट्यांपासून सावध करतात आणि खूण सांगतात: झाडाची ओळख फळावरून होते. चांगल्या झाडाला वाईट फळ येत नाही. मी ख्रिस्ती बांधवांना नम्रपणे विचारतो, तुमच्या गुरूने दिलेली ही कसोटी "संदेश वेगळा, संदेशवाहक वेगळा" असे म्हणते का? ती तर नेमके उलट सांगते. माणसाकडे पाहा, त्याच्या आचरणाकडे पाहा आणि मग त्याच्या संदेष्टेपणाचा निर्णय करा.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींनी तिचा अर्थ तसाच घेतला होता. 'दिदाखे' नावाचा एक अतिशय जुना ख्रिस्ती ग्रंथ आहे. त्याचे ग्रीक हस्तलिखित १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडले आणि १८८३ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या ११ व्या अध्यायात फिरत्या संदेष्ट्यांना पारखण्याचे नियम आहेत. आत्म्यात येऊन बोलणारा प्रत्येक जण संदेष्टा नाही, ज्याचे वागणे प्रभूसारखे आहे तोच संदेष्टा. जो पैसे मागतो तो खोटा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जो सत्य शिकवतो पण शिकवलेले स्वतः करत नाही, तोही खोटा संदेष्टा. शिकवण खरी असूनही माणूस खोटा ठरतो. हे कुणा मौलवीचे म्हणणे नाही, आरंभीच्या ख्रिस्ती समाजाचे आहे. टपालवाल्याचा दाखला त्यांना मान्य झाला नसता.

"प्रामाणिक ग्रंथ" हा दावा

आता त्या प्रामाणिकपणाच्या दाव्याकडे येतो. दोष लिहिले म्हणून ग्रंथ खरा, हे तर्काला धरून नाही. दोष लिहिणे हा फार तर लिहिणाऱ्याचा गुण झाला. त्याने संदेष्ट्याची विश्वासार्हता वाढत नाही, घटते.

शिवाय बायबल या बाबतीत एकमुखी नाही. दावीद आणि बथशेबा यांची कथा २ शमुवेलच्या ११ व्या अध्यायात राब्बा शहराच्या वेढ्याच्या संदर्भात येते. त्याच वेढ्याची हकीकत १ इतिहासाच्या २० व्या अध्यायात पुन्हा येते. सुरुवात तीच आहे: युद्धाचा हंगाम, यवाब सैन्य घेऊन जातो, दावीद यरुशलेमेत राहतो. पण पुढे बथशेबा नाही, उरिया नाही, नाथान संदेष्ट्याने केलेली कानउघाडणीही नाही. थेट शहर जिंकल्याची बातमी येते. शलमोनाचेही तसेच. १ राजे ११ मध्ये तो म्हातारपणी परदेशी बायकांच्या नादाने परक्या दैवतांची पूजास्थाने बांधतो. २ इतिहास ९ मध्ये त्याची कारकीर्द संपते तिथे याचा उल्लेखही नाही. दावीदाच्या शिरगणतीची गोष्ट दोन्हीकडे आहे, पण २ शमुवेल २४ म्हणते की कोपलेल्या ईश्वराने दावीदाला प्रवृत्त केले आणि १ इतिहास २१ म्हणते की सैतानाने केले.

म्हणजे बायबलच्या आतच दोन चित्रे आहेत. शमुवेल-राजे यांतला दावीद वेगळा आणि इतिहास-ग्रंथांतला बराच उजळ. मग ख्रिस्ती बांधवांनी सांगावे, इतिहासकाराने "धुऊनपुसून" लिहिले का? तसे असेल तर त्याला पवित्र शास्त्रात जागा कशी? आणि तसे नसेल, तर हाच आरोप कुरआनवर का?

बायबलमध्ये निष्कलंक माणसे नाहीत असेही नाही. यिर्मयाला जन्माआधीच पवित्र केल्याचे त्याच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात आहे. दानिएलाच्या शत्रूंना त्याच्यात दोष सापडला नाही (दानिएल ६:४). जखऱ्या आणि अलीशिबा यांना लूक निर्दोष म्हणतो (१:६), आणि त्यांचा पुत्र योहान, म्हणजे आमचे हजरत याह्या (अ.), आईच्या उदरातच पवित्र आत्म्याने भरलेला होता. कुरआन प्रेषितांचे जे चित्र रंगवते ते बायबलला अनोळखी नाही.

आमच्या घरात काय आहे?

दुसऱ्याच्या घराची झडती घेताना आपले दार उघडे ठेवावे.

कुरआन प्रेषितांच्या चुका लपवते, हा आरोपच मुळात खोटा आहे. आदम (अ.) यांची चूक कुरआनमध्ये आहे (२०:१२१). मूसा (अ.) यांच्या ठोशाने एक माणूस मेला आणि त्यांनी क्षमा मागितली, हे आहे (२८:१५-१६). यूनुस (अ.) आपल्या लोकांना सोडून निघून गेले, हे आहे (२१:८७). आणि एका अंध माणसाकडे तोंड फिरवल्याबद्दल खुद्द मुहम्मद (स.) यांना दिलेली समज आजही नमाजमध्ये मोठ्याने वाचली जाते (८०:१-१०). लपवायचे असते तर हे लपवले असते.

इस्लामी विद्वानांचे म्हणणे असे: संदेश पोहोचवण्यात प्रेषित चुकत नाहीत, यावर सर्वांचे एकमत आहे. शिर्क, खोटेपणा, व्यभिचार यांसारख्या गोष्टींपासून अल्लाह त्यांना राखतो. माणूस म्हणून किरकोळ चूक होऊ शकते का, यावर मतभेद आहेत. पण झालीच तर वाणीनेच ती लगेच दुरुस्त होते. याला 'इस्मत' म्हणतात. प्रेषित देवदूत नसतात. ते खातात, पितात, थकतात, रडतात. पण ते फसवत नाहीत.

दाऊद आणि उरियाची कथा आमच्याही काही तफसीरींत शिरली, हे खरे आहे. पण इब्न कसीर यांच्यासारख्या भाष्यकाराने तिचे मूळ इस्राईली कथांत असल्याचे लिहून ती बाजूला सारली. 'गरानीक'ची कथा तबरीने नोंदवली आहे आणि ख्रिस्ती प्रचारक ती आवडीने सांगतात. काजी इयाज यांनी तिची साखळी तपासून ती फेटाळली. हे शक्य झाले ते अस्मा-उर-रिजाल या शास्त्रामुळे. हदीस सांगणारा प्रत्येक माणूस कोण, तो खरे बोलतो का, त्याची स्मरणशक्ती कशी, हे तिथे पाहिले जाते. मनात येते की प्रेषितांचा एक शब्द पुढे सांगणाऱ्यावर आम्ही एवढी अट घालतो, तर ईश्वराचा शब्द सांगणाऱ्यावर त्याहून कमी अट कशी चालेल?

याच न्यायाने एक प्रकरण मी ख्रिस्ती बांधवांविरुद्ध वापरणार नाही. उत्पत्तीच्या २० व्या अध्यायात अब्राहाम साराला बहीण म्हणतो, आणि त्याच अध्यायात बायबल प्रथमच कुणाला तरी संदेष्टा म्हणते. सहीह बुखारीतही या प्रसंगाची हदीस आहे. आमचे विद्वान तिचा अर्थ "श्रद्धेच्या नात्याने बहीण" असा दुहेरी शब्द म्हणून लावतात. हा खुलासा मी माझ्यासाठी मान्य करतो तेव्हा त्यांनाही तो करू दिला पाहिजे.

संदेष्टे पापी का हवेत?

मग प्रश्न उरतो. राखण्याची कल्पना चर्चला अनोळखी आहे का? मुळीच नाही. १८५४ साली पोप नववे पायस यांनी जाहीर केले की मरियम या गर्भधारणेच्या क्षणापासूनच मूळ पापापासून मुक्त होत्या. १८७० साली पहिल्या व्हॅटिकन परिषदेने ठरवले की श्रद्धा व नीती यांवर अधिकारपीठावरून निर्णय देताना पोप चुकत नाहीत. पोप पाप करूच शकत नाहीत असे चर्च म्हणत नाही, हे मला माहीत आहे. पण ईश्वर माणसाला पापापासून राखू शकतो आणि शिकवणाऱ्याला चुकीपासून राखू शकतो, ही दोन्ही तत्त्वे कॅथलिक चर्चने स्वतःच मान्य केली आहेत. मग हे संरक्षण प्रेषिताच्या आईला आहे, रोमच्या बिशपला आहे, आणि दाऊद (अ.) यांना मात्र नाही, हे कसे?

प्रोटेस्टंट बांधव ही दोन्ही तत्त्वे मानत नाहीत. पण त्यांच्याही बाबतीत खरे कारण एकच दिसते. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (३:२३) पौलाने मांडले की सगळेच पापी आहेत. नियमशास्त्र माणसाला तारू शकत नाही, म्हणून रक्ताचे प्रायश्चित्त हवे. या मांडणीत एखादा निष्कलंक प्रेषित उभा राहिला तर प्रश्न येतो: हा ईश्वराच्या आज्ञेवर चालून शुद्ध राहिला, मग क्रूसाची गरज कशाला? म्हणून बाकीचे सगळे खाली उतरवावे लागतात, तेव्हा एक जण वर दिसतो.

आम्ही हजरत ईसांना (अ.) वर मानतोच. त्यांची पवित्रता आमच्या श्रद्धेचा भाग आहे. पण त्यांना उंच दाखवण्यासाठी त्यांच्या भावांना चिखलात उभे करण्याची गरज आम्हाला वाटत नाही. कुरआन एका ठिकाणी अठरा प्रेषितांची नावे घेते, त्यात दाऊद, सुलैमान, हारून आणि ईसाही आहेत, आणि मग सांगते की त्यांच्या मार्गाने चाला (६:८३-९०). ज्याच्या मार्गाने चालायचे तो मार्ग स्वच्छ असावा लागतो.

याची किंमत कोण मोजतो?

कुणी म्हणेल, हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांवरून आज वाद कशाला? कारण याची किंमत आजचा माणूस मोजतो.

संदेष्ट्याच्या चारित्र्याची अट सैल झाली की पुढे त्याच्या वाणीचीही अट सैल होते. १९८८ साली अमेरिकी धर्मपंडित वेन ग्रुडम यांचे भविष्यवाणीवरचे पुस्तक आले. त्यांचे प्रतिपादन असे की नव्या करारातील मंडळीतले संदेष्टे जुन्या करारातल्यांसारखे अचूक नसतात, त्यांच्या सांगण्यात चूक मिसळू शकते. दाखला म्हणून ते प्रेषितांची कृत्ये २१ मधील अगब घेतात. यहूदी पौलाला बांधून परकीयांच्या हाती देतील असे तो सांगतो, पण प्रत्यक्षात पौलाला रोमी सैनिक बांधतात. सगळ्या ख्रिस्ती लोकांना हे मत मान्य नाही. अनेक जण त्याला कडाडून विरोध करतात. तरी पेंटेकोस्टल आणि करिश्मॅटिक मंडळींत हा विचार खूप पसरला आहे.

त्याचे फळ २०२० साली दिसले. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीआधी कित्येक 'प्रॉफेट' मंडळींनी ईश्वराच्या नावाने सांगितले की डोनाल्ड ट्रम्प लगेच दुसऱ्यांदा निवडून येणार. निवडून आले जो बायडेन. जेरेमायाह जॉन्सन यांनी जानेवारी २०२१ मध्ये जाहीर माफी मागितली, तर माफी मागितल्याबद्दलच त्यांना शिव्या आणि धमक्या आल्या. त्या वर्षी करिश्मॅटिक नेत्यांनी एक निवेदन काढले. सांगितलेले चुकले तर जाहीरपणे कबूल करावे, असे त्यात होते. ही गोष्ट चांगलीच. पण चुकीची भविष्यवाणी सांगणारा आणि खोटा संदेष्टा यांत फरक करावा, असेही त्यात होते. अनुवाद १८ मध्ये या फरकाला जागा कुठे आहे, ते मला सापडले नाही.

हे लोण आपल्याकडेही आहे. नावामागे 'प्रॉफेट' लावून पोस्टरवर झळकणारे, आजारी माणसाला "देवाने मला तुझ्याबद्दल सांगितले आहे" म्हणणारे लोक मराठी आणि हिंदीतही बोलू लागले आहेत. त्यांच्या सभेत जाणारा गरीब माणूस त्यांना पारखणार कसा? वाणी खोटी निघाली तर म्हणतात, संदेष्टाही माणूसच. चारित्र्य वाईट निघाले तर म्हणतात, दावीदानेही पाप केले होते. ज्या क्षणी दावीदाचे नाव ढाल म्हणून पुढे येते, त्या क्षणी हा प्रश्न पोथीतला राहत नाही.

आमच्यातही ताईत विकणारे, गैब सांगणारे बाबा आहेत. पण त्यांना धरायला आमच्या हाती एक नियम आहे: नुबुव्वत मुहम्मद (स.) यांच्यावर संपली. त्यानंतर "अल्लाहने मला सांगितले" म्हणून कुणी आला तर त्याला तिथेच थांबवता येते.

ख्रिस्ती वाचकांना माझी एवढीच विनंती आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका. १ राजे १३ वाचा. २ शमुवेल ११ आणि १ इतिहास २० शेजारी शेजारी ठेवून वाचा. मत्तय ७ मधले झाड आणि फळ पुन्हा एकदा वाचा. मग स्वतःला विचारा, तुमचा सगळा विश्वास ज्यांच्या शब्दावर उभा आहे, त्यांच्याविषयी अशा गोष्टी मानून तो शब्द किती काळ उभा राहील?

आणि मुस्लिम तरुणांनो, कुणी दाऊद (अ.) यांचे नाव घेऊन टोमणा मारला तर चिडू नका. दाऊद (अ.) आपले आहेत. त्यांच्या अब्रूचे रक्षण करणे हे आपल्या श्रद्धेचे काम आहे, आणि ते अभ्यासाने होते, आवाज चढवून नाही.

अल्लाह आपणा सर्वांना सत्य पाहण्याची दृष्टी आणि त्यावर चालण्याचे बळ देवो. आमीन.